जुनं सचिवालय की मंत्रालय?

मुंबईत सरकारी बिल्डिंग बघायची तर लोक मंत्रालयाचंच नाव घेतात, पण ओव्हल मैदानासमोरचं जुनं सचिवालय बघितलंय का नीट? आर्किटेक्चरमध्ये ते कितीतरी पुढे आहे राव. 1867 ते 1874 मध्ये बांधलं, डिझाइन कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सचं, स्टाईल व्हेनेशियन गॉथिक, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या टोकदार कमानींच्या इमारतींसारखी. मुंबईच्या कोटाच्या (फोर्टच्या) भिंती नुकत्याच पाडल्या होत्या, आणि तेव्हा बॅकबेची रिक्लेमेशन, म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन, नव्हती त्यामुळे समुद्र ओव्हलच्या पलीकडेच, म्हणून त्या कमानीवाल्या गॅलऱ्या पश्चिमेला, वारा थेट आत आणि उन्हाचा मारा खोल्यांपर्यंत पोचत नाही, एसी नसताना बाबू लोक कसे बसत असतील ते तिथे कळतं. मधला टॉवर तर बघतच राहावा असा. आता तिथे सिटी सिव्हिल अँड सेशन्स कोर्ट आहे, 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतल्या परिसरातही येतं.

मंत्रालय 1955 चं. साधी, चौकोनी, फायलींसाठी बांधलेली बिल्डिंग, दिसायला फार काही नाही खरं सांगायचं तर. आधी त्यालाही सचिवालयच म्हणायचे, 1975 ला शंकरराव चव्हाणांच्या काळात नाव बदललं. 2012 च्या आगीत वरचे मजले जळाले, मग रिनोव्हेशन झालं. मधल्या मोकळ्या जागेत 2018 ला जाळी लावली, कारण लोक गाऱ्हाणी घेऊन येऊन वरून उडी मारायला लागले होते. असली गोष्ट कुठल्या गॉथिक कमानीत नाही दिसायची.

फोटो काढायचे तर जुनं सचिवालय, डोळे झाकून. राज्य कसं चालतं ते बघायचं तर मंत्रालय, फक्त पासच्या लायनीची तयारी ठेवा.