सौर कृषिपंप : तीन हंगामांच्या वापरानंतर

सिन्नर तालुक्यातील आमच्या चार एकर शेतीत ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून पाच अश्वशक्तीचा पंप बसवून तीन हंगाम झाले. अडीच ते पाच एकर जमिनीसाठी याच क्षमतेचा पंप मिळतो. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

पंपाचा मोठा लाभ पहिल्याच आठवड्यात कळला. पूर्वी चुलत्यांच्या वीजजोडणीवरून पाणी घ्यावे लागे आणि त्या फीडरवर, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीवर, थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री येई. पौषातल्या थंडीत, विंचूकाट्याची भीती असतानाही, कांद्याला दारे धरायला वडील रात्री दोन वाजता बांधावर उभे राहत. आता सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत लख्ख उजेडात भरणे होते. केवळ एवढ्यासाठीही मी हा पंप पुन्हा घेईन.

मात्र पंपाचे खरे मोल विहिरीतील पाणी ठरवते, हे आम्हांला उशिरा उमगले. एका एकरावर एक इंच पाणी देणे म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी उचलणे. पंप, मोटार आणि पाइप यांतील घट धरून एकूण कार्यक्षमता ४० टक्के मानली, तर ३० मीटर उंचीपर्यंत एवढे पाणी चढवायला साधारण २१ युनिट वीज लागते. तीच उंची ६० मीटर झाली की ४२ युनिट. पाच किलोवॉटच्या पॅनेलांपासून स्वच्छ उन्हाच्या दिवशी २० ते २५ युनिट मिळतात. म्हणजे पाण्याची पातळी खाली गेली की बिल येत नसले तरी दिवसाकाठी भिजणारे क्षेत्र निम्म्यावर येते.

पहिल्या रब्बीत आम्ही नेमकी हीच चूक केली. वीज फुकट आहे म्हणून कांदा एका एकरावरून दोन एकरांवर नेला आणि पंप दिवसभर चालू ठेवला. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी फटींपुरतेच साठते. मार्चमध्ये सकाळी अकराच्या सुमारास विहीर तळाला लागू लागली. कोरड्या विहिरीत पंप आपोआप बंद करण्याची सोय पंप नियंत्रित करणाऱ्या पेटीत, म्हणजे कंट्रोलरमध्ये, होती म्हणून मोटार वाचली, पण दुसरा एकर हातचा गेला. पुढच्या खरिपात ठिबक बसवले. ज्यांना ठिबक शक्य नाही, त्यांनी हा पंप घेतल्यावर पीकक्षेत्र वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते, पण पाऊस पडत नाही. अशा दिवसांत मका पाण्याला येतो आणि पंपाची धार करंगळीएवढी होते. त्यासाठी छोटे शेततळे किंवा टाकी असणे आवश्यक आहे. पॅनेलांवर धूळ बसल्यानेही वीज घटते, म्हणून ती आठवड्याला धुवावी लागतात.

सेवेबाबत मी समाधानी नाही. किमतीत पाच वर्षांची देखभाल समाविष्ट असूनही कंट्रोलर बिघडल्यावर पुरवठादाराचा माणूस सोळाव्या दिवशी आला आणि तोवर कांद्याचे रोप करपून गेले. पंप निवडताना जवळपास दुरुस्तीची सोय कोणाची आहे, हे आधी विचारावे.

शिल्लक विजेचा प्रश्न मला सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी येथील शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सहकारी मंडळी स्थापून सौर पंपांची उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, विकायला सुरुवात केली. तेथे पाणी उपसण्याऐवजी वीज विकण्यातही शेतकऱ्याला लाभ दिसतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त उपसा करण्याचे कारण उरत नाही. आमचा पंप ग्रीडला जोडलेला नाही. पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवू शकणारे सार्वत्रिक कंट्रोलर उपलब्ध आहेत, मात्र आम्हांला मिळालेला तसा नाही. कांदा काढल्यानंतर पॅनेले दिवसभर उन्हात रिकामी असतात आणि तीस पावलांवरची आमची कडबाकुट्टी अजून डिझेलवर चालते.