ट्रॉफीची फाइल उघडण्याआधी: ‘स्पीशीज प्लस’ वापरून आलेला अनुभव

मालवाहतुकीच्या कचेरीत प्राण्यांपासून आलेल्या मालाची कागदपत्रं मी नऊ वर्षं तपासते आहे. त्यात सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं ते शिकारीच्या ट्रॉफींकडे: भरलेली मुंडकी, कातडी, कवट्या, शिंगं. अशी फाइल टेबलावर आली की आधी ‘स्पीशीज प्लस’ ही वेबसाइट उघडते, मगच बाकीचे कागद. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी जोडलेलं जागतिक संवर्धन देखरेख केंद्र आणि सायटीस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियम घालणाऱ्या कराराचं सचिवालय यांनी मिळून ती २०१३ साली सुरू केली. फुकट आहे. शोधायला खातंही काढावं लागत नाही.

प्राण्याचं शास्त्रीय नाव टाकलं की तो सायटीसच्या कोणत्या परिशिष्टात, म्हणजे यादीत, आहे ते रोमन आकड्यात दिसतं. शेजारीच युरोपीय संघाची अनुसूची (त्यांची स्वतःची यादी), कोटे, आणि कुठल्या देशातून व्यापार थांबवला असेल तर तेही. परिशिष्ट १ म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यातले प्राणी. त्यांच्या ट्रॉफीला दोन परवाने लागतात, आणि तेही क्रमाने: आधी आयात करणाऱ्या देशाचा, तो मिळाल्यावरच निर्यात करणाऱ्या देशाचा. परिशिष्ट २ मधल्या प्राण्यासाठी करारानुसार निर्यात परवाना पुरतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं, आणि घातही इथेच होतो, कारण तो आकडा बघून माणूस थांबतो.

मीही थांबले होते. पांढऱ्या गेंड्याचं भरलेलं मुंडकं होतं, दक्षिण आफ्रिकेतलं. आकडा २, निर्यात परवाना जोडलेला, तारखा बरोबर. फाइल पुढे सरकवली आणि पेटी कस्टम्समध्ये अडकली. आकड्याखालची टीप मी वाचलीच नव्हती. दक्षिण आफ्रिका आणि इस्वातिनीतले पांढरे गेंडे परिशिष्ट २ मध्ये आहेत, पण फक्त जिवंत जनावरं योग्य ठिकाणी पाठवण्यासाठी आणि शिकारीच्या ट्रॉफींसाठी. बाकी सगळं परिशिष्ट १ मधलं धरतात. मग मुंडकं ही ट्रॉफी नाही का? सायटीसच्या ठरावांत ट्रॉफीची व्याख्या आहे: शिकाऱ्याने स्वतः कायदेशीर शिकार करून मिळवलेली, त्याच्या वैयक्तिक वापराची, मूळ देशातून त्याच्या राहत्या देशाकडे चाललेली वस्तू. आमच्या ग्राहकाने ते मुंडकं शिकाऱ्याकडून विकत घेतलं होतं. शिकारीच्या परवान्यावर एक नाव, माल घेणाऱ्याचं दुसरं. त्या एका नावामुळे तीच वस्तू, तेच शिंग, परिशिष्ट १ मध्ये गेलं. ते नाव मी पडताळायला हवं होतं. एक जनावर मेलेलं असताना मी आकड्यावर भरवसा ठेवला, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

म्हणून या वेबसाइटची सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी टिपा सांगेन. आफ्रिकी हत्तीचं पान उघडून बघा. बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे इथले हत्ती परिशिष्ट २ मध्ये, बाकी सगळीकडचे १ मध्ये. प्राणी एकच, पण कुठे मारला त्यावर पूर्ण फाइल बदलते. बिबट्या सरळ परिशिष्ट १ मध्ये आहे. त्याच्या ट्रॉफींसाठी काही देशांना वार्षिक कोटा आहे, आणि कातडीवर देश, वर्ष आणि त्या वर्षीच्या कोट्यातला क्रमांक असलेला, एकदा लावला की न उघडणारा टॅग लागतो. मी तो क्रमांक परवान्याशी अक्षरन् अक्षर जुळवते. कोट्यातला प्रत्येक क्रमांक म्हणजे एक बिबट्या, आणि एकाच क्रमांकावर दोन कातडी जाऊ नयेत म्हणूनच तर आमचं काम आहे.

आता जे इथे मिळत नाही ते. सायटीस प्रत्येक देशाला करारापेक्षा कडक नियम करायची मुभा देतो, आणि देशांचे असे स्वतःचे कायदे या वेबसाइटवर सापडणार नाहीत. सिंहाचंच घ्या. आफ्रिकेतला सिंह परिशिष्ट २ मध्ये. युरोपीय संघाने २०१५ पासून त्याच्या ट्रॉफीला आयात परवानाही सक्तीचा केला, ते इथे अनुसूचीच्या बाजूने कळतं. पण त्याच वर्षी फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने सिंहाच्या ट्रॉफी आणण्यावर बंदी घातली, २०१६ मध्ये अमेरिकेने सिंह आपल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेतला. हे सगळं त्या त्या देशाच्या व्यवस्थापन प्राधिकरणाला, म्हणजे सायटीसचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीला, लेखी विचारूनच कळतं. फोनवरचं उत्तर मी फाइलला लावत नाही.

परवान्यांच्या मुदतीही स्वतःच मोजाव्या लागतात. निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने, परिशिष्ट १ चा आयात परवाना बारा महिने. मुंडकं भरून तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा परवान्याचा अर्ज कधी करायचा ते मुंडकं भरणाऱ्या कारागिराला विचारून ठरवा.

नवख्या माणसाला वेबसाइट जरा अवघड वाटेल. ती इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये आहे आणि टिपांची भाषा कायद्याची, एकेक शब्द तोलून वाचावी लागणारी. तरी पाचपैकी साडेचार गुण. सदस्य देशांच्या परिषदेत याद्या बदलल्या की ते बदल साधारणपणे नव्वद दिवसांनी लागू होतात, म्हणून मी प्रत्येक फाइलला त्या दिवशीचं पान तारखेसकट छापून लावते, टिपेखाली लाल रेघ ओढून.