शिकागो व्हाइट सॉक्सचं पाठीराखेपण : दोन मोसम वापरल्यानंतर

आधी आकडे सांगतो, म्हणजे ज्यांना पळायचंय ते इथूनच पळू शकतील. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने ४१ सामने जिंकले आणि १२१ हरले. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका मोसमात एवढ्या वेळा कुणीच हरलेलं नाही. आधीचा मान १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सकडे होता, १२० पराभवांचा. २०२५ मध्ये आम्ही ६० जिंकले, १०२ हरले, आणि खरं सांगतो, चैन केल्यासारखं वाटलं. २०२३ चे १०१ पराभव धरले तर शंभरीची ही सलग तिसरी खेप. पण ते साल मी वापरलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

शिकागोत राहून हाच का, कब्ज का नाही, हे ऑफिसात सगळे विचारतात. शहरात संघ दोन. उत्तरेला रिगली फील्डवर कब्ज : वेलींनी मढलेली भिंत, पर्यटक, तिकिटांना भाव. दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यावर सॉक्स : रेड लाइनच्या ट्रेनने उतरा, पूल ओलांडा, आत जा. मी पुण्याचा. रणजीत महाराष्ट्राच्या बाजूने बसण्यात लहानपण गेलं. आपण करंडक उचलला तो १९३९-४० आणि १९४०-४१ ला, प्रा. देवधरांच्या कप्तानीत. त्यानंतर काही नाही. आणि घाट उतरला की मुंबई, जिने २०२४ च्या मार्चमध्ये बेचाळिसावा करंडक नेला. शेजारच्या घरी सतत सनई वाजत असताना आपल्या ओसरीवर शांत बसायची ज्याला सवय आहे, त्याला या शहरात कुठल्या बाजूला जायचं हे सांगावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. क्रिकेटवाल्यांना पहिला धक्का बसतो तो वारंवारतेचा. सहा महिन्यांत १६२ सामने, म्हणजे जवळपास रोज एक. आपल्याकडे वर्ल्ड कपची फायनल हरलो की आठवडाभर घरात सुतक असतं. इथे तेवढी सवडच मिळत नाही. मंगळवारी धुव्वा उडाला तरी बुधवारी संध्याकाळी पुन्हा नऊपैकी पहिली इनिंग, पुन्हा शून्य-शून्य. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही ओळीने २१ सामने हरलो आणि १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या अमेरिकन लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी आमचा हा गट) विक्रमाशी बरोबरी केली. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकून माळ तुटली, आणि दोनच दिवसांत मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) पेद्रो ग्रिफोल यांना नारळ मिळाला. ते २१ सामने मला वाटलं होतं तेवढे जड गेले नाहीत. निकाल आधीच ठाऊक असला की माणूस निकाल सोडून बाकी सगळं बघायला लागतो.

मी बघत होतो गॅरेट क्रोशेला. डावखुरा, उंचापुरा, त्या मोसमात २०९ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे थेट बाद, केलेला पिचर (आपला गोलंदाज). त्याचा चेंडू उजव्या बॅटरच्या पोटाकडे आत येताना बॅटर आधी मागे सरकतो आणि मग बॅट फिरवतो. तोवर चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या (आपला यष्टिरक्षक) ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. पण त्याच्या कोपरावर २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झालेली, सुरुवातीपासून पिचिंग करण्याचं त्याचं पहिलंच वर्ष, म्हणून मोसमाच्या उत्तरार्धात त्याला जेमतेम चार इनिंग टाकू देत. चौथी संपली की मी भांडी घासायला उठायचो. पुढचं काम बुलपेनचं, म्हणजे राखीव पिचरांचं, आणि ते बघण्यापेक्षा कढई घासणं बरं. डिसेंबरात त्याला बोस्टनला देऊन टाकलं. तिथे त्याने पुढच्याच मोसमात १८ सामने जिंकले. आमच्यासाठी २०२४ मध्ये त्याच्या नावावर सहा विजय आणि बारा पराभव होते. पिचरच्या नावापुढचा जय-पराजयाचा आकडा किती फसवा असतो, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

दोष सांगायचा तर पराभव हा दोष नव्हेच. दोष आहे तो आशेचा. त्या वर्षी सातवी इनिंग संपताना आम्ही पिछाडीवर असलो, तर आमचा हिशेब ०-९४ असा होता. चौऱ्याण्णव वेळा पिछाडी, एकदाही भरून काढली नाही. अशा संघाकडून कुणी काय अपेक्षा ठेवणार? मग २४ सप्टेंबर आला. १२० पराभव झालेले, घरच्या मैदानावर लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाविरुद्ध सामना, विक्रम ‘याचि देही’ बघायला आलेले लोक. आठव्या इनिंगपर्यंत ०-२, सगळं ठरल्याप्रमाणे. आणि आठव्यात यांनी तीन धावा काढल्या! ३-२ ने जिंकले. त्या रात्री स्टेडियममध्ये ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा चालल्या होत्या. रोख मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे, ज्यांच्या हाती हा संघ १९८१ पासून आहे. एकाच तोंडाने मालकाला शिव्या आणि मुलांना टाळ्या, हे मी प्रथमच पाहिलं. एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. नकोसा विक्रम शेवटी डेट्रॉइटला जाऊन २७ तारखेला केला, ४-१ ने हरून, आणि नेमकं त्याच रात्री डेट्रॉइटचं प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) जाणं पक्कं झालं. म्हणजे आमच्या इतिहासाच्या क्षणी मैदानावर दुसऱ्याचा जल्लोष. त्यानंतरचे दोन्ही सामने आम्ही जिंकलो. आता जिंकून कुणाला काय मिळणार होतं, पण नाही.

वॉरंटीबद्दल नीट वाचून घ्या. अमेरिकेत तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. उलट हरणाऱ्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, आधी खेळाडू निवडायला मिळतो, त्यामुळे ‘एवढं हरलो, निदान पहिला नंबर तरी मिळेल’ असं लोक मनाला समजावतात. आम्हाला तोही मिळाला नाही. मोठ्या शहरातला, मिळकतीतला वाटा इतरांना देणारा संघ ड्राफ्टमधले पहिले काही क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीत सलग दोन वर्षं बसू शकत नाही, असा नियम आहे. आदल्या वर्षी पाचवा क्रमांक मिळालेला होता, म्हणून १२१ पराभवांच्या बदल्यात हातात पडला दहावा. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा एवढा बारीक नियम कुणी काढला नसता.

सोबत मिळणाऱ्या गोष्टी मात्र उत्तम. मैदानात मेक्सिकन पद्धतीचं कणीस मिळतं. दाणे सुरीने पेल्यात काढून वर लोणी, चीज, तिखट आणि लिंबू. खडकवासल्याला पावसात खाल्लेल्या कणसाची शहरी बहीणच. घरच्या संघाने होमरन (आपल्याकडचा षटकार) मारला की स्कोअरबोर्डवर चक्रं फिरतात आणि फटाके उडतात. ही कल्पना १९६० ची, बिल व्हेक या मालकाची. २०२४ मध्ये फटाक्यांची फारच बचत झाली. आणि मे २०२५ पासून खुद्द पोप आमचे. लिओ चौदावे मूळचे शिकागोचे, २००५ च्या वर्ल्ड सिरीजचा (मोसमाच्या अंतिम मालिकेचा) पहिला सामना बघायला स्टेडियममध्ये बसलेले टीव्हीवर दिसले होते. ते बसले त्या १४० क्रमांकाच्या विभागापाशी आता त्यांचं चित्र आहे. ती सिरीज सॉक्सने ४-० ने जिंकली, ८८ वर्षांनी. दक्षिण भागातला कुणीही पन्नाशीचा माणूस तो महिना अजून तोंडपाठ सांगतो, विचारायचीही गरज नसते.

दुसऱ्या मोसमात वस्तू थोडी सुधारली. कोल्सन माँटगोमेरी जुलैत खालच्या लीगमधून वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन मारून गेला. क्रोशेच्या बदल्यात आलेला कॅचर काइल टील रोज बघावासा वाटतो. त्यामुळे आता चौथ्या इनिंगनंतर भांडी तशीच राहतात, आणि घरात त्यावरून बोलणी बसतात.

घ्यावा का? ज्यांना सोमवारी ऑफिसात मिरवायला काहीतरी हवं, त्यांनी उत्तरेची गाडी पकडावी. रोज संध्याकाळी तीन तास खेळ बघायला आवडतो, जिंकणं हा बोनस, अशांना हा संघ बिनदिक्कत सुचवेन. तिकीट कित्येकदा गाडी लावायच्या पैशांपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून ट्रेननेच जा. एप्रिलमध्ये मात्र सुरुवात करू नका. रात्रीच्या सामन्याला मिशिगन तळ्यावरून येणारा वारा हाडं गोठवतो, आणि स्वेटर-टोपी-हातमोजे घालून हरणं फार जिवावर येतं. मे उलटला की घ्या.