दशांश गणित हार्डवेअरमध्ये: डीपीडी की बीआयडी?

०.७० गुणिले १.०५ म्हणजे बरोबर ०.७३५, दोन स्थळांपर्यंत ०.७४. नेहमीच्या ६४ बिटी बायनरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये मात्र ०.७३४९९९… येतं आणि हाती ०.७३ पडतं. पैशांच्या हिशेबात हे खपत नाही. म्हणून दशांश गणित प्रोसेसरमध्येच घालायचं ठरलं, तर आधी प्रश्न येतो अंक साठवायचे कसे. आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने डीपीडी (डेन्सली पॅक्ड डेसिमल) आणि बीआयडी (बायनरी इंटिजर डेसिमल) या दोन्ही पद्धती मान्य केल्यात, त्यामुळे निवड तुमच्यावर येते.

डीपीडी तीन-तीन अंक १० बिटांत बसवते. बीआयडीत सगळ्या अंकांचा मिळून एकच बायनरी पूर्णांक असतो. १६ अंकांना ५४ बिट लागतात.

खरा फरक बेरजेत दिसतो. १२.५ आणि ०.३७५ मिळवायचे आहेत. म्हणजे १२५ आणि ३७५, दहाचे घातांक वेगळे. आधी १२५ चे १२५०० करायला हवेत. डीपीडीचे अंक सुटे केले की दोन घरं सरकवलं, झालं. बीआयडीला तिथे १०० ने खराखुरा गुणाकार करावा लागतो. सुट्या अंकांच्या बेरजेला एक दुरुस्ती लागते: ७ अधिक ५ चे बायनरीत ११०० (म्हणजे १२) होतात, त्यात ६ मिळवले की २ आणि हातचा १. एवढं सर्किट स्वस्तच पडतं.

गुणाकारात पारडं फिरतं. बीआयडीला प्रोसेसरमधला बायनरी गुणक आयता मिळतो. डीपीडीला बहुधा एकेक अंक घेत पुढे जावं लागतं. पण १६ अंकी संख्यांचा गुणाकार ३२ अंकांपर्यंत जातो, तो पुन्हा १६ वर आणायचा असतो. डीपीडीत शेवटचे अंक गाळून राउंडिंग करायचं. बीआयडीत आधी अंक मोजा, मग दहाच्या घाताने भागा. तेही आधीच साठवलेल्या व्यस्तांकाने (१ भागिले तो दहाचा घात) गुणून. बीआयडीचा बराचसा फायदा इथेच परत जातो.

माझं मत स्पष्ट आहे. दशांशासाठी वेगळा विभाग बांधायला चिपवर जागा असेल, तर डीपीडी घ्या. आयबीएमने २००७ च्या पॉवर६ प्रोसेसरमध्ये तेच केलं. जागा नसेल तर बीआयडी सॉफ्टवेअरमध्ये चालवा; इंटेलची दशांश गणिताची लायब्ररी याच पद्धतीवर आहे. आणि दशांश स्थळं कायम ठरलेली असतील, तर साधे ६४ बिटी पूर्णांक पुरतात, दोन्हींची गरज नाही.

ठरवण्याआधी स्वतःच्या प्रोग्राममधल्या बेरजा आणि गुणाकार मोजून बघा. मजकुरातून आकडे वाचणं आणि परत छापणं किती वेळा होतं तेही मोजा, कारण तिथे बीआयडीला पुन्हा दहाने भागत बसावं लागतं.