आठ महिन्यांच्या वापरानंतर: दिलेल्या अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधताना

गेले आठ महिने आमच्या घरात इंग्रजी शब्द शोधण्याची दोन साधने जवळजवळ रोज वापरात आहेत. एक आहे फोनवरचे विनामूल्य ॲप आणि दुसरी संगणकावरची ग्रेप ही आज्ञा, जिला शब्दांची एक साधी फाइल पुरवावी लागते आणि जी त्यातून आपण सांगितलेल्या साच्यात बसणारे शब्द निवडून देते. माझी नववीतली मुलगी स्क्रॅबल हा अक्षरांच्या टाइल्स मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ खेळू लागली आणि रविवारच्या डावानंतर "आई, माझ्याकडे नेमका कोणता शब्द होता?" हा प्रश्न दर वेळी उरू लागला, म्हणून शोध सुरू झाला. डाव चालू असताना शब्द शोधायला ही साधने उघडायची नाहीत, लावलेला शब्द खरा आहे का एवढेच तपासायचे, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला आहे.

अक्षरांवरून शब्द शोधणे म्हणजे एकच काम, असे मला सुरुवातीला वाटत होते. प्रत्यक्षात ती निदान तीन वेगवेगळी कामे आहेत. दिलेल्या अक्षरांपैकीच, आणि हातात जितकी आहेत तितकीच वापरून होणारे शब्द शोधणे हे पहिले काम. दिलेली सर्व अक्षरे ज्यात आहेत, मग सोबत इतर अक्षरे असली तरी हरकत नाही, असे शब्द शोधणे हे दुसरे. तिसऱ्यात एखादे अक्षर ठरावीक जागीच हवे असते. शब्दकोडे सोडवणाऱ्यांना त्याचीच गरज पडते. फोनवरच्या ॲपमध्ये या तिन्हींसाठी एकच चौकट आहे आणि आपण नक्की काय विचारत आहोत हे तिला सांगता येत नाही. पहिल्या महिन्यातला आमचा बराचसा वैताग याच एका कारणाने झाला.

दुसऱ्या कामाचे महत्त्व कोऱ्या टाइलमुळे कळले. स्क्रॅबलच्या 100 टाइल्सपैकी दोन कोऱ्या असतात आणि त्यांना कोणतेही अक्षर मानता येते. एका डावात मुलीकडे एस, ए, टी, आय, आर, ई ही सहा अक्षरे आणि एक कोरी टाइल आली. सातही टाइल्स एकाच वेळी लावल्या तर 50 गुण जास्तीचे मिळतात, पण तिला शब्द सुचला नाही. रात्री ग्रेपला ही सहाही अक्षरे असलेले सात अक्षरी शब्द मागितले, तेव्हा पडद्यावर वेटर्स, रिअलिस्ट, रिटेन्स, पायरेट्स, पार्टीज असे शब्द एकाखाली एक उतरले. यांतला एकही शब्द तिला नवा नव्हता. पायरेट्स आणि पार्टीज हे दोन्ही शब्द अगदी त्याच सात अक्षरांचे आहेत, हे मात्र आम्हा दोघींच्याही कधी लक्षात आले नव्हते.

याचे कारण माझ्या मते आपल्या लिपीत आहे. मी मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी शब्द माझ्या मनात आधी उच्चाराने उमटतो आणि त्याची अक्षरे नंतर आठवावी लागतात. 'सायलेंट' आणि 'लिसन' हे शब्द कानाला एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, पण त्यांची इंग्रजी अक्षरे वर्णक्रमाने मांडली की दोन्हींची ई, आय, एल, एन, एस, टी अशी एकच ओळ होते. एनलिस्ट, इनलेट्स आणि टिन्सेल यांचीही तीच. 'लिसन'मधला टी आपल्याला ऐकूच येत नसल्यामुळे तो हातात असूनही दिसत नाही. अक्षरे अशी क्रमाने लावून पाहण्याची सवय लागणे, हा या आठ महिन्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ आहे.

आता एक चूक सांगते, जिचे मला अजूनही वाईट वाटते. मुलीने क्यू आणि आय या दोन अक्षरांचा 'ची' हा शब्द लावला. चिनी परंपरेत जीवनशक्तीला हे नाव आहे. ॲपमध्ये तो सापडला नाही, म्हणून मी तिला टाइल्स उचलायला लावल्या. पुढे कॉलिन्स या प्रकाशकांची, खेळात मान्य असलेल्या शब्दांची स्क्रॅबल शब्दसूची घरी आणली, तर तो शब्द तिच्यात होता आणि 10 गुणांचा क्यू मी तिच्याकडून विनाकारण काढून घेतला होता. ते ॲप कोणती शब्दयादी वापरते हे त्यात कोठेही लिहिलेले नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. साधन कितीही चपळ असले तरी ते यादीपलीकडचे काही सांगू शकत नाही.

याद्यांमधला फरकही थोडाथोडका नाही. कॉलिन्सच्या 2019 च्या सूचीत 2 लाख 79 हजारांहून अधिक शब्द आहेत, आणि भारतातल्या स्पर्धांसाठी कॉलिन्सचीच सूची प्रमाण मानतात. सर्वांना मोकळी असलेली एनेबल ही यादी 1 लाख 72 हजारांच्या थोडी पुढे जाते. काही संगणकांवर आधीपासून असणारी यादी वेबस्टरच्या 1934 च्या कोशावरून केलेली आहे. तीत 2 लाख 34 हजारांहून अधिक शब्द असूनही साधी अनेकवचने सहसा मिळत नाहीत, त्यामुळे पार्टीज किंवा पायरेट्स तिच्यात शोधण्यात अर्थ नाही. मी ग्रेपला एनेबल यादी दिली आहे आणि शंका आली की कॉलिन्सचे पुस्तक उघडते.

ग्रेप शिकायला मला दोन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक अक्षरासाठी एक गाळणी लावायची आणि एकीतून निघालेले शब्द पुढचीत ओतायचे, इतकीच युक्ती आहे. उत्तर क्षणात येते. अडचण येते ती तेच अक्षर पुन्हा हवे असेल तेव्हा. एम, एन, जी आणि तीन ओ असलेले शब्द शोधताना मी ओची गाळणी तीनदा लावली, तरी मॉर्निंग आणि मूव्हिंग असे एकाच ओचे शब्द आले, कारण पहिल्या गाळणीतून निघालेला शब्द उरलेल्या दोहोंतूनही सहज निघतो. 'ओ, मध्ये काहीही, ओ, मध्ये काहीही, ओ' असा एकच साचा लिहिल्यावर 'मंगूज' हाती लागला. हा शब्द इंग्रजीत आपल्या मुंगसावरूनच गेलेला आहे, हे कळल्यावर मुलीने तो वहीत लाल शाईने लिहिला.

एखादे अक्षर नको असे सांगण्याची सोय मला ॲपमध्ये सापडली नाही, ग्रेपमध्ये ती आहे. क्यू असलेले पण यू नसलेले शब्द मागितले, तेव्हा यादीत फकीर हा ओळखीचा शब्द भेटला. अर्थ मात्र दोन्हींपैकी एकही साधन देत नाही. त्यामुळे नवा शब्द आधी कोशात पाहायचा, अर्थासह वहीत उतरवायचा आणि मगच पुढच्या रविवारी खेळायचा, असे आम्ही ठरवले आहे. वहीची 43 पाने भरली आहेत आणि ॲप मी गेल्या आठवड्यात काढून टाकले.