बेळगावातून जमैकाच्या वादळग्रस्तांना पैसे पाठवले: वेबसाइट, बँक आणि कार्ड, तिन्हीचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, कार्डाने थेट तिथल्या सरकारच्या पोर्टलवर द्या, त्याला माझे पाचपैकी साडेचार स्टार. बँकेतून पाठवायला दोन, आणि आधी जिथे गेलो त्या क्राउडफंडिंग (लोकांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या) वेबसाइटला एक. हे कळायला आमचे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं लिहितोय.

माझा धाकटा भाऊ क्रूझवर किचनमध्ये कामाला आहे, त्याचं जहाज जमैकातल्या फालमथ बंदराला लागायचं. 28 ऑक्टोबर 2025 ला मेलिसा वादळ जमैकात न्यू होपजवळ किनाऱ्यावर आदळलं, कॅटेगरी 5, वारा ताशी जवळजवळ 300 किलोमीटर. शेजारचा सेंट एलिझाबेथ जिल्हा म्हणजे त्यांचं भाजीपाल्याचं कोठार, भावाच्या बरोबर काम करणारा एक जण तिथलाच, त्याच्या घराचे सगळे पत्रे गेले आणि त्याची आई रात्रभर टेबलाखाली बसून होती. भावाने हे फोनवर सांगितलं आणि गल्लीतल्या मंडळाने दोन दिवसांत 42 हजार जमवले. एक आजी आहेत आमच्या बोळात, दूध घालतात, त्यांनी रुमालाची गाठ सोडून 200 काढून दिले. मामा तेवढे म्हणाले, "एवढ्या लांब पाठवूलालाय, पोचतंय की नाही ते बघा हं."

कपडे, भांडी पाठवूया असंही एक-दोघांनी सुचवलं, पण 2019 च्या ऑगस्टमधला पूर आम्ही विसरलेलो नाही. मामांचं गाव घटप्रभेच्या काठाला, तिथे शाळेच्या पटांगणात मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचा कमरेएवढा ढीग पडला होता, पावसात भिजून कुबट वास सुटलेला, वर कुणाचा तरी जरीचा ब्लाउज. मामी एकच म्हणायची, कपडे नकोत, ताडपत्रीला आणि पत्र्याला पैसे द्या. म्हणून पैसेच द्यायचे हे पक्कं होतं.

तर पहिली ती वेबसाइट. फोटो बघून पोटात कालवायचं पण पान चालवणारा कोण, पैसे कुणाच्या खात्यात जाणार, काहीच लिहिलेलं नाही. रक्कम टाकली की वेबसाइटची टिप आपोआप जोडलेली, स्लायडर आपण मागे ओढून शून्यावर आणायचा, न बघता पे केलं तर गेले पैसे. त्या दिवसांत हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये शार्क आलेत असले एआयने बनवलेले व्हिडिओ फिरत होते, तेव्हा फोटोवर भरवसा ठेवायचा कसा? दुसऱ्यांचे पैसे हातात असताना असला धोका नाही घ्यायचा, सोडून दिलं.

मग बँक. काउंटरवरच्या मॅडम फार चांगल्या, कन्नडमध्ये सुरुवात केली आणि मी अडखळतोय बघून मराठीत समजावलं, दोन स्टार त्यांचेच. त्यांनी सांगितलं की परदेशी पैसे पाठवायची एलआरएस स्कीम फक्त व्यक्तीसाठी आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, मंडळाला किंवा ट्रस्टला ती नाहीच. मी म्हटलं माझ्या नावाने पाठवतो, तर ए-टू फॉर्मवर सही करून लिहून द्यायचं असतं की हे पैसे माझे स्वतःचे आहेत. आता 42 हजार माझे कुठले? खोटी सही मी नाही केली. आणि स्वतःचे दहा हजार पाठवायचे म्हटलं तरी कमिशन, स्विफ्टचा (बँकांच्या परदेशी निरोप-यंत्रणेचा) चार्ज, जीएसटी धरून पंधराशेच्या आसपास इथेच जात होते, वर मधल्या बँकेने कापले तर वेगळे. मोठी रक्कम असेल तर ठीक, आपल्यासारख्यांना परवडत नाही.

शेवटी पाकिटांवर नावं घालून ज्याचे त्याला पैसे परत केले आणि सांगितलं, ज्याने त्याने आपापल्या घरच्या कार्डावरून द्या. जमैका सरकारचं सपोर्ट जमैका नावाचं अधिकृत पोर्टल आहे, पत्ता हाताने टाइप करा, व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबू नका. यूपीआय चालत नाही. कार्डावर इंटरनॅशनल वापर बहुतेकांचा बंद असतो, बँकेच्या ॲपमधून तो चालू करायचा, लिमिट तेवढंच ठेवायचं आणि काम झालं की परत बंद. माझ्या कार्डाला साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी व्यवहाराचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लागला, म्हणजे दोन हजारांमागे ऐंशी-पंच्याऐंशी रुपये, बँकेपेक्षा कितीतरी कमी. पावती पाच मिनिटांत ईमेलवर. अर्धा स्टार कापला कारण आमच्यातल्या चौघांची कार्डं चाललीच नाहीत. आणि इन्कम टॅक्समधली देणगीवरची 80जी ची सूट धरून बसू नका, ती परदेशात दिलेल्या देणगीला मिळत नाही.

रक्कम छोटी वाटून कुणी थांबू नका हो. वर्ल्ड बँकेने तिथलं नुकसान 8.8 अब्ज डॉलर काढलंय, देशाच्या वर्षाच्या जीडीपीच्या 41 टक्के, पण एका घराला वरून ताडपत्री लागते ती एवढ्यातेवढ्या पैशांतच येते.

आजींचे 200 त्यांच्या नातवाच्या कार्डावरून गेले, त्याने स्वतःचे 300 घातले. पावतीची प्रिंट मी काढून दिली, आजींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण ती त्यांनी रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली आहे.