जॉनी आलिडेचा 'गाँग' : आठ महिने गाडीत ऐकल्यावर

ल्योंला रविवारच्या जुन्या सामानाच्या बाजारात दोन युरोला मिळाली ही सीडी, कव्हरला तडा गेलेला, पण आमच्या खटारा गाडीत अजून सीडी प्लेयरच आहे आणि म्हटलं ऑफिसला जाता येता कानावर फ्रेंच पडेल. इथे फ्रान्समध्ये या रॉक गायकाला नुसतं जॉनी म्हणतात, घरातलाच कोणीतरी असल्यासारखं. २०१७ ला गेला तेव्हा पॅरिसच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले होते.

आल्बम १९८६ चा. जवळपास सगळी गाणी जाँ-जाक गोल्डमनने लिहिलेली, म्हणजे ज्याने पुढे १९९५ ला सेलिन डिऑनचा गाजलेला फ्रेंच आल्बम केला तोच. खरं सांगायचं तर पहिला महिना मला झेपलंच नाही. ड्रम असे वाजतात की कोणीतरी रिकाम्या गोडाऊनमध्ये पत्र्याचं दार आपटतंय, आणि हा बाबा एवढा ओरडतो कशाला? रॉकवाली काही गाणी मी अजूनही पुढे ढकलते. 'लाँवी' (म्हणजे इच्छा) मात्र आवडलं, हळू सुरू होतं आणि चढत जातं, आधी अंधार द्या मग उजेड, आधी भूक तहान मग पंगत, म्हणजे परत काहीतरी हवंसं वाटेल असं मागणं आहे त्यात.

पण खरा माल 'ज्य त प्रोमे', म्हणजे 'तुला वचन देतो'. मी त्याला लग्नात लावायचं गोडगोड वचनांचं गाणं समजत होते, हे देईन ते देईन. चार महिन्यांनी सिग्नलला थांबले असताना शेवटचा भाग एकदम कळला, तो म्हणतो हे खरं नसलं तरी, शब्द वापरून वापरून झिजलेले असले तरी. म्हणजे स्वतःच्याच वचनांवर याचा धड विश्वास नाही आणि तरी देतोय! मागचा हॉर्न मारत राहिला, मी तशीच बसलेली. तेव्हापासून त्याचं ओरडणं ओरडणं वाटत नाही, घसा खरवडून निघालेला तो आवाज तिथे लागतोच, गोड गळ्याच्या माणसाने गायलं असतं तर खोटं वाटलं असतं.

'लोरा' त्याच्या तेव्हा तीनेक वर्षांच्या मुलीसाठी आहे, आमची चिमणी मागच्या सीटवर असली की मी जरा आवाज वाढवते, ती म्हणते आई हे रडकं नको.

सीडीला एक ओरखडा आहे, कार्मेल या ब्रिटिश गायिकेबरोबरच्या डुएटवर. गाण्याचं नावच 'तुझं नाव विसरेन', आणि विसरेन विसरेन करत बरोब्बर तिथेच अडकतो.